पुड्यावरचा पत्ता: ब्रँड, बाजार आणि जात

(नोकरी आणि शिक्षणासाठी लखनौच्या निशातगंज भागात राहणाऱ्या मराठी मित्रमैत्रिणींच्या अभ्यासमंडळात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आज मला दिलेला विषय आहे, 'मार्केटिंग आणि ब्रँडिंगचा ग्राहकाच्या खरेदीवर होणारा परिणाम'. एमबीएच्या पेपरात दहा मार्कांना येतो तसा हा प्रश्न आहे. आपल्यापैकी दोघांनी तो पेपर दिलेलाही आहे, त्यामुळे त्याचं छापील उत्तर त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी. मी हा विषय एका पुड्यावरून मांडणार आहे.

हा तो पुडा. जवसाची चटणी, शंभर ग्रॅम. गेल्या सुट्टीत घरून आणलाय. भाषण संपल्यावर पोळीबरोबर खाऊ, आत्ता नुसता बघा. वर नाव आहे, 'वऱ्हाडी जवस चटणी'. शाकाहाराचा हिरवा ठिपका आहे. वजन, किंमत, बनवल्याची तारीख, नोंदणी क्रमांक, सगळं नियमाप्रमाणे. आणि खाली बारीक अक्षरात बनवणाऱ्यांचा पत्ता आहे. त्या पत्त्यातला पहिला शब्द आहे 'भीमनगर'.

ही चटणी माझ्या आईच्या बचत गटाची. आमचं गाव अकोला जिल्ह्यातलं, तालुक्याचं. आधी आई आणि तिच्या मैत्रिणी चटणी, तिखट, कुरडया असं सगळं करून मोठ्या डब्यात बाजारातल्या एका किराणा दुकानात द्यायच्या. दुकानदार ते साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून विकायचा. माल आठवड्यात संपायचा. मग गटातल्या बायांनी प्रशिक्षण घेतलं. तिथे त्यांना सांगितलं गेलं की लेबल लावा, ब्रँड तयार करा, ग्राहकाचा विश्वास वाढतो, भाव चांगला मिळतो. हे चुकीचं नव्हतं. पुस्तकात हेच लिहिलेलं असतं. बायांनी अन्नसुरक्षेची नोंदणी काढली, पुडे छापून घेतले. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता टाकणं कायद्यानं बंधनकारक आहे, तोही टाकला.

दीड महिन्यानं त्याच दुकानदारानं अर्ध्याहून जास्त पुडे परत केले. तो काही वाईट बोलला नाही. चहा पाजला आणि म्हणाला, "ताई, माल एक नंबर आहे. पण गिऱ्हाईक वाचते."

चटणी तीच होती, हात तेच होते, दुकान आणि गिऱ्हाईकही तेच. नवीन आली होती ती पत्त्याची एक ओळ.

एका पुड्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला माहीत आहे. माझे मार्गदर्शक इथे असते तर त्यांनी लगेच हात वर केला असता. पण एका पुड्यावरून प्रश्न नक्की विचारता येतो. मार्केटिंगचं पुस्तक म्हणतं की लेबल विश्वास वाढवतं. मग आमच्या लेबलनं तो कमी का केला?

शुद्ध म्हणजे काय?

आपण ज्या भागात बसलोय तिथूनच सुरू करू. उड्डाणपुलाखालून बाजारात शिरलात की मिठाईच्या दुकानांवर तीन शब्द परत परत दिसतात, 'शुद्ध देसी घी'. आपण तो दर्जाचा दाखला समजतो, म्हणजे तुपात डालडा नाही. ते तर आहेच. पण उत्तर प्रदेशात या शब्दाला जुना इतिहास आहे. इथल्या गावांत 'कच्चा खाना' आणि 'पक्का खाना' असा भेद असतो. पाण्यात शिजवलेलं ते कच्चं, म्हणजे डाळ, भात, रोटी. तुपात तळलेलं ते पक्कं, म्हणजे पुरी, कचौरी, मिठाई. कच्चं अन्न फक्त आपल्या किंवा आपल्यापेक्षा वरच्या मानलेल्या जातीच्या हातचं घ्यायचं. पक्कं अन्न थोड्या जास्त जातींच्या हातचं चालतं, कारण तूप विटाळ अडवतं अशी समजूत. बाजारात बसून अनेक जातींच्या गिऱ्हाइकांना खाऊ घालणारा हलवाई या तुपाच्या आधारावर उभा राहिला. तेव्हा पाटीवरचं 'शुद्ध' एकाच वेळी दोन गोष्टी सांगतं. तुपात भेसळ नाही ही एक, आणि हातात भेसळ नाही ही दुसरी. पहिली तपासायला प्रयोगशाळा आहे. दुसरीसाठी आडनाव पुरतं.

आपल्याकडे महाराष्ट्रात वेगळं नाही. बेडेकर, चितळे, जोशी ही नावं आपण दुकानावर वाचतो तेव्हा ती नुसती मालकाची नावं राहत नाहीत. त्या कुटुंबांनी मेहनत केली नाही, माल चांगला दिला नाही, असं मी अजिबात म्हणत नाही. मुद्दा इतकाच की त्यांनी पहिल्या दिवशी पाटी लावली तेव्हा आडनाव त्यांच्या बाजूनं काम करत होतं. केरळात तर 'ब्राह्मिन्स' नावाचा खाद्यपदार्थांचा ब्रँडच आहे. तो २०२३ मध्ये विप्रोच्या ग्राहकवस्तू कंपनीनं विकत घेतला. एवढी मोठी कंपनी जेव्हा ब्रँड विकत घेते तेव्हा कारखान्याबरोबर नावावरचा विश्वासही विकत घेते. त्या नावाला विश्वास कुठून मिळाला, हे कुठल्याच ताळेबंदात लिहिलेलं नसतं.

सांस्कृतिक भांडवल हा शब्द आपण सेमिनारमध्ये फार वापरतो. दुकानाच्या पाटीवर तो रंगवलेला असतो, तिथे आपण तो वाचत नाही.

आजीची बाटली

पण मी ब्रँडच्या विरोधात भाषण करायला उभी नाही. तसं केलं तर माझी आजी मला माफ करणार नाही.

आजी सांगायची, तिच्या लहानपणी गावात तेल आणायला गेलं की दुकानदार ओट्यावर उभा राहून वरून तेल सोडायचा आणि ही खाली बाटली धरून उभी राहायची. धार चुकली तर नुकसान हिचं. पैसे हातात द्यायचे नाहीत, ओट्यावर ठेवायचे. गूळ, मीठ पदरात वरून पडायचं. सुटा माल विकत घेणं म्हणजे दुकानदाराच्या हाताच्या मेहेरबानीवर राहणं. वजनात मारलं तरी बोलायची सोय नाही.

आता विचार करा, तिच्या आयुष्यात शाम्पूची पुडी आली तेव्हा काय झालं असेल? १९८० च्या दशकात चिकसारख्या शाम्पूनी छोट्या पुड्या गावोगाव नेल्या. पुडी बंद असते. आत किती आहे ते कंपनीनं ठरवलेलं. किंमत छापलेली, पाटलीणबाईंना तीच आणि आम्हालाही तीच. पुडी हातात घेताना कुणी ती वरून टाकली तरी त्यातलं एक थेंब कमी होत नाही. जाहिरातीनं गरिबाला फसवलं, गरज नसलेली वस्तू गळ्यात मारली, असं आपले डावे मित्र म्हणतात. ते पूर्ण खोटं नाही. पण ज्या बाईनं तेलाच्या धारेखाली बाटली धरली आहे तिला सीलबंद वस्तूमध्ये काय दिसलं असेल, हा प्रश्न त्यांनी तिला विचारलेला नसतो.

याचा अभ्यास याच राज्यात झाला आहे. देवेश कपूर, चंद्रभान प्रसाद, लँट प्रिचेट आणि डी. श्यामबाबू यांचा लेख २०१० मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये आला. आझमगढ जिल्ह्यातला बिलरियागंज आणि बुलंदशहर जिल्ह्यातला खुर्जा अशा दोन ब्लॉकमधल्या १९ हजारांहून जास्त दलित कुटुंबांना त्यांनी १९९० आणि २००७ मधली परिस्थिती विचारली. उत्पन्न किती, हे फक्त विचारलं नाही. दात कशानं घासता, केसांना काय लावता, लग्नाच्या पंगतीत तुम्हाला वेगळं बसवतात का, असंही विचारलं. टूथपेस्ट, शाम्पू, बाटलीतलं तेल यांचा वापर खूप वाढलेला दिसला, आणि वेगळं बसवणं कमी झालेलं दिसलं. या निष्कर्षांवर वाद झाले, बाजारानं जात संपते का यावर अजूनही होतात. पण टूथपेस्ट ही सन्मानाची बाब असू शकते, हे त्या लेखानं आकड्यांत मांडलं.

आपल्या चळवळीला हे आधीपासून माहीत होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना काय सांगितलं ते आठवा. लुगडं पांढरपेशा बायका नेसतात तसं नेसा, गळ्यात-हातात जातीची खूण सांगणारे कथलाचे, चांदीचे ढीगभर दागिने घालू नका. म्हणजे काय घ्यायचं, काय टाकायचं आणि ते अंगावर कसं वागवायचं, ही खरेदीचीच चर्चा होती. आणि ती फॅशनची नव्हती. दिसण्यावरून जात ओळखता येऊ नये, हा तिचा अर्थ होता.

अर्थात बाजारानं ही इच्छा ओळखली आणि ती आपल्यालाच महाग करून विकली. १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' आली. गोरेपणा म्हणजे चांगलं स्थळ, चांगली नोकरी हे समीकरण तिनं तयार केलं नाही, ते आधीच लग्नाच्या जाहिरातींत होतं. तिनं फक्त ते ट्यूबमध्ये भरलं. २०२० मध्ये नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. माझ्या कॉलेजच्या होस्टेलमध्ये आम्ही सहा जणींनी एक ट्यूब वाटून वापरली आहे, आणि त्या सहा जणी कोणत्या समाजाच्या होत्या ते मी सांगायला नको. ब्रँड आपल्याला अपमानातून वाट काढून देतो तेव्हा वाटेवर टोलही घेतो.

विकत घेणारी आणि विकणारी

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. दलित माणूस ग्राहक म्हणून बाजारात गेला की ब्रँड त्याच्या कामी येतो, कारण बंद पाकीट त्याची जात विचारत नाही. तोच माणूस विक्रेता म्हणून गेला की ब्रँड उलटा फिरतो, कारण आता पाकिटावर नाव त्याचं असतं. माझी आजी पाकिटामुळे सुटली आणि माझी आई पाकिटामुळे अडकली. एकाच घरातल्या दोन बायका, मधे एक पिढी.

हे फक्त चटणीचं नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तुम्हाला माहीत असेल. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त आडनावं बदलली. दलित आणि मुस्लीम आडनावांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. तिथे माणूस हाच माल होता आणि आडनाव हेच लेबल. मार्केटिंगच्या भाषेत सांगायचं तर ब्रँडचं मूल्य जन्माच्या वेळीच ठरलं होतं.

आता या शहराकडे बघा. जून २०२२ मध्ये लखनौच्या आशियाना भागात झोमॅटोचं जेवण पोहोचवायला गेलेल्या एका दलित तरुणानं पोलिसांत तक्रार दिली. तक्रारीत म्हटलं होतं की आपलं नाव ऐकल्यावर ग्राहकानं जातीवरून शिवीगाळ केली, जेवण घ्यायला नकार दिला, तोंडावर थुंकला आणि मारहाण झाली. ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. समोरच्यांनी वेगळी हकीकत सांगितली. पण प्रकरणाची रचना बघा. जेवणाचा डबा सीलबंद होता, वर मोठा ब्रँड होता, अंगावर कंपनीचा टी-शर्ट होता. एवढं सगळं झाकून एकच गोष्ट उघडी राहिली होती, नाव.

याच कंपनीनं ५ जून २०२३ ला पर्यावरण दिनाची जाहिरात केली होती. 'लगान' सिनेमातल्या 'कचरा' या दलित पात्राची भूमिका करणाऱ्या नटाला घेऊन, टाकाऊ प्लॅस्टिकपासून काय काय बनतं ते दाखवलं. म्हणजे हा माणूसच दिवा, हाच कागद, हाच झारी. टीका झाली, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगानं नोटीस काढली, जाहिरात मागे घेतली गेली. मला त्या जाहिरातीपेक्षा ती पास करणाऱ्या खोलीचं कुतूहल आहे. कल्पना सुचली, लिहिली, शूट झाली, संकलित झाली. एवढ्या टप्प्यांवर कुणालाच खटकलं नाही. त्या खोलीत आपल्यातलं कुणी असतं तर पहिल्याच बैठकीत हात वर झाला असता. मार्च २०२४ मध्ये 'शुद्ध शाकाहारी' ग्राहकांसाठी हिरव्या गणवेशातले वेगळे डिलिव्हरीवाले जाहीर झाले, तेव्हाही तेच. सोसायटीच्या दारात लाल आणि हिरवा असे दोन रंग उभे राहिले तर लाल रंगाच्या मुलाचं काय होईल, हा विचार टीका झाल्यावर आला, आणि वेगळा गणवेश दुसऱ्याच दिवशी मागे घ्यावा लागला.

मग जुलै २०२४. कांवड यात्रेच्या मार्गावरच्या खाण्याच्या दुकानांनी मालकांची नावं ठळक लावावीत, असा आदेश आधी मुझफ्फरनगरमध्ये आणि मग राज्यभर निघाला. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. काय अन्न देता ते सांगा, नाव सांगायची सक्ती नको, असं त्या अंतरिम आदेशाचं सार होतं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर याच सरकारनं आदेश काढला की पोलिसांच्या कागदांतून, गाड्यांवरून, सार्वजनिक फलकांवरून जातीचे उल्लेख काढा. एका वर्षी नाव दाखवा, पुढच्या वर्षी जात झाका. दोन्ही आदेश कागदावर वेगळ्या कारणांसाठी होते. पण दाखवायचं कधी आणि झाकायचं कधी, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे कधीच नव्हता, हे दोन्हींत समान आहे.

झाकण्यावरून आठवलं. इथून गोमतीनगरकडे गेलं की बाबासाहेबांच्या स्मारकातले दगडी हत्ती दिसतात. २०१२ च्या निवडणुकीत आयोगानं ते कापडानं आणि प्लॅस्टिकनं झाकायला लावले, कारण हत्ती ही पक्षाची निशाणी. आमचे इथले मित्र हसून सांगतात की झाकलेला हत्तीही हत्तीच दिसत होता. आईच्या पत्त्याचंही तसंच आहे.

चप्पल चालते, चटणी का नाही?

आता तुम्ही विचाराल, की मग दलितांच्या हातची कुठलीच वस्तू ब्रँड होत नाही का? होते. कोल्हापुरीकडे बघा. चामडं कमावण्यापासून वेणी घालण्यापर्यंत ज्या समाजाचे हात त्यात आहेत, तो समाज आपल्याला माहीत आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. नाव मात्र शहराचं, कारागिराचं नाही. जून २०२५ मध्ये प्रादानं मिलानच्या फॅशन शोमध्ये तशीच चप्पल दाखवली, आणि सुरुवातीला ते नावही घेतलं नाही. गदारोळ झाला तेव्हा अख्खा महाराष्ट्र अभिमानानं पेटला. आपल्या संस्कृतीची चोरी झाली म्हणाले. 'आपल्या' म्हणजे कुणाच्या, हे फार थोड्यांनी विचारलं. डिसेंबर २०२५ मध्ये प्रादानं महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार केला. दोन हजार जोड, किंमत सुमारे ८०० युरो. त्यातला किती वाटा कारागिराच्या घरात जातो, हे आपण विचारत राहिलं पाहिजे.

दुसरं उदाहरण सुधीर राजभर यांचं. मूळचे याच राज्यातल्या जौनपूरचे, वाढले मुंबईत. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी कडक झाली आणि धारावीतल्या चर्मकारांचं काम बसलं. राजभर यांनी त्या कारागिरांना बरोबर घेऊन चामड्याऐवजी जुन्या रबरापासून बॅगा बनवायला सुरुवात केली आणि ब्रँडचं नाव ठेवलं 'चमार स्टुडिओ'. जो शब्द शिवी म्हणून फेकला जातो तोच लेबलवर. त्या बॅगा परदेशातल्या डिझाइन मेळ्यापर्यंत गेल्या.

तिसरं, चंद्रभान प्रसाद यांचंच. २०१६ मध्ये त्यांनी 'दलित फूड्स' नावानं मसाले, लोणची ऑनलाइन विकायला काढली. नावातच प्रश्न होता, की तुम्ही आमच्या हातचं खाल का?

या तिघांत एक फरक आहे. चप्पल पायात जाते, बॅग खांद्यावर जाते, मसाला तोंडात जातो. जातिव्यवस्थेत या तिघांचा दर्जा एक नाही. कारागिराच्या हातच्या वस्तूचं कौतुक करायला सवर्ण ग्राहक तयार असतो, कारण तो तिला कला म्हणू शकतो. शिजवलेल्या अन्नापाशी मात्र गाडी थांबते. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात शाळकरी मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचं जेवण नाकारलं. त्या मुलांनी कुठलीही जाहिरात बघितली नव्हती. ब्रँडवरची त्यांची निष्ठा घरातूनच आली होती.

महाराजांचा चहा

यावर उपाय काय? एक उपाय शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात झाला आहे. गंगाराम कांबळे हे राजवाड्यात नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामना हॉटेल काढायला मदत केली. नाव, 'सत्यसुधारक हॉटेल'. चहा चांगला होता, जागा भर वस्तीत होती, पण गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घ्यायला लागले, आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही घ्यावा लागला.

आजची कंपनी याला ब्रँड ॲम्बॅसॅडर म्हणेल. पण महाराजांनी गंगारामचं आडनाव झाकलं नाही. दुसऱ्या कुणाच्या नावानं हॉटेल चालव, असं सुचवलं नाही. त्यांनी ग्राहकाची सवय बदलायला आपली सत्ता वापरली. शेवटी इतरांचे हात त्या कपाकडे गेले ते चवीमुळे नव्हे, राजानं आधी कप उचलला म्हणून.

आपल्याकडे आता राजा नाही, राज्यघटना आहे. २०१२ च्या आदेशानुसार केंद्राच्या खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी खरेदीतला ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून घ्यायचा आहे. सरकारी कँटीन, होस्टेल, रेल्वे, अंगणवाडी, कुठे तिखट-मसाला लागत नाही? इथे बसलेल्यांपैकी काही जण सरकारी नोकरीत आहेत. आपल्या कार्यालयात हे ४ टक्के प्रत्यक्षात किती भरतात, हे माहितीच्या अधिकारात विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरं, आपली स्वतःची खरेदी. दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपले लोक पोतं भरून पुस्तकं घेतात. त्या पुस्तकांना कुठली जाहिरात नसते. म्हणजे ओळखीच्या जोरावर बाजार उभा करता येतो, हे आपण दर वर्षी दाखवतो. पण पुस्तकाच्या बाजूच्या स्टॉलवर आपल्या बायांच्या चटणीला आपण तेवढं विचारतो का? की तिथे आपणही मोठ्या कंपनीचं पाकीट शोधतो, कारण ते 'स्वच्छ' वाटतं? हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला आणि उत्तर मला आवडलं नाही. मी तीन वर्षं इथे राहते आणि मसाला मोठ्या ब्रँडचा घेते.

पण फक्त आपण आपल्याकडूनच घ्यायचं, हे शेवटचं उत्तर असू नये. ते भीमनगरच्या आतलंच दुकान झालं. बाजारओळीतल्या दुकानात आमच्या पत्त्यासकट पुडा विकला गेला पाहिजे.

आता पत्त्याबद्दल शेवटचं. निशातगंजच्या गल्ल्यांना तुम्ही बघताय ना, नुसते आकडे आहेत. पहिली गली, दुसरी गली, पाचवी गली. पत्ता सांगितला तर समोरच्याला काही कळत नाही. म्हणून तर खोली दाखवताना घरमालक "पूरा नाम?" असं विचारतो. मला हा आकड्यांचा पत्ता फार आवडला होता. पुडे परत आले तेव्हा मी आईला फोनवर सुचवलं, बाजारात मामाचं शिलाईचं दुकान आहे, कागदोपत्री उत्पादन तिथे दाखवू. नियमात बसवता येतं का ते बघते. पत्त्यात 'भीमनगर' येणार नाही.

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आन् वस्तीचं नाव कोनं ठेवलं होतं, माहीत हाय ना व तुले?"

मला माहीत होतं. ती वस्ती आधी ज्या नावानं ओळखली जायची ते नाव मी इथे उच्चारणार नाही. १९५६ नंतर आजोबांच्या पिढीनं ते बदललं. पाटी रंगवणाऱ्यांत आजोबा होते. म्हणजे आमच्या घराण्यातलं पहिलं ब्रँडिंग तेच. आणि मी, या घरातली पहिली पीएच.डी. करणारी मुलगी, ते पुसायला सांगत होते.

गटानं बैठक घेतली. काही बाया माझ्या बाजूच्या होत्या, त्यांनाही घर चालवायचं आहे, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. अजून निर्णय झालेला नाही. तोवर जुन्या छपाईचे पुडे संपवायचे आहेत. त्यातले वीस पुडे माझ्या खोलीत आहेत. उरलेले परवापासून मी निशातगंजच्या दुकानांत घेऊन जाणार आहे. इथल्या दुकानदाराला 'भीमनगर' कुठे आहे ते माहीत नसेल, पण काय आहे ते कळेल. कोण ठेवून घेतो आणि कोण काय कारण सांगतो, ते पुढच्या बैठकीत सांगते.

आता हा पुडा कुणीतरी फोडा.

जय भीम, जय सावित्री.

(लेखिका लखनौ इथे समाजशास्त्रात पीएच.डी.साठी संशोधन करत आहेत.)